एकोणीस पट्टे

तळेगाव दाभाडे
११ फेब्रुवारी २०२४

दादा,

वर नमस्कार लिहायचा राहिला असं समजू नकोस. लिहिला नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून केला तर ‘वकिलांनी बोलू नको म्हटलंय’ एवढं म्हणून ठेवून दिलास. तुझा बंगळुरूजवळच्या होसूरचा पत्ता आईच्या औषधांच्या डब्यात, चिठ्ठीवर मिळाला. तिने तो मला सांगितला नव्हता. आता या घरात तुझा पत्तासुद्धा लपवून ठेवायची वस्तू झाली आहे.

आपल्याकडे कमरेला बांधायचे हार्नेस शिवणाऱ्या सरूबाईंना वडगावच्या कोर्टाचं समन्स आलंय. त्यांची सून स्नेहल भाजे गावातून ते घेऊन पॉलिटेक्निकच्या गेटवर आली. मी लेक्चर संपवून बाहेर पडत होते. म्हणाली, “ताई, वाचता येतंय मला, पन अर्थ लागंना. आत्यांनी दोन दिवस झालं भाकरीला हात लावला न्हाई.” मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. ‘हयगयीने व निष्काळजीपणाने यंत्रावरील सुरक्षा-साधन परस्पर बंद करून...’ पोलिसांची भाषा नाही ही, तुझी आहे. आपल्या शिवण-युनिटच्या अंतर्गत चौकशीचा जो अहवाल तू त्यांना दिलास, त्यातली ओळ जशीच्या तशी उचलली आहे.

त्या अहवालात बजरंगचं नावही नाही. ‘बाधित वापरकर्ता’ असं लिहिलंयस. तर त्याचं नाव बजरंग. कुरवंड्याचा. चौदा वर्षं नागफणीच्या कड्यावर पाहुण्यांना दोरावरून उतरवतो. पाहुण्यांना सोडायच्या आधी प्रत्येक हार्नेस तो स्वतःच्या कमरेला बांधून लटकून बघतो. २६ नोव्हेंबरलाही त्याने तेच केलं. कमरेच्या पट्ट्याची आपण घातलेली शिलाई उसवली आणि तो पंचवीस फूट खाली खडकावर आला.

आणि माझ्या सेन्सरबद्दल तू जे लिहिलंस ते चूक आहे. ‘नाजूक व अविश्वसनीय प्रणाली’ म्हणे! एक बारीक पोलादी तार, तिच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढं चुंबक आणि बाजूला एक छोटा स्विच, एवढंच होतं ते. शिलाईचा धागा तारेखालून जातो. धागा ताणलेला असला की तार वर राहते. धागा तुटला किंवा सैल पडला की तार खाली येते, चुंबक सरकतं, लाल दिवा लागतो आणि मशीन थांबतं. सहावीतल्या मुलाला समजेल. वरचा धागा सैल पडला की टाका वरून देखणा दिसतो आणि खाली नुसते फास लोंबतात. त्यावर माणूस लटकवला की काय होतं ते तुला माहीत होतं. म्हणून तर सेन्सर करून दे म्हणून माझ्या मागे लागला होतास.

मशीन वारंवार थांबतं, दिवाळीआधी सहाशे हार्नेस जायचे आहेत, म्हणून सेन्सरला मशीन थांबवू न देणारा वेगळा स्विच टेबलाखाली बसवला गेला, तुझ्या सांगण्यावरून. सरूबाईंनी नाही बसवला. त्यांना सेन्सर परस्पर बंद करता येतो, हे लिहिताना तुझा हात कसा धजला?

अहवाल मागे घे. एवढंच मागते.

आसावरी


३ मार्च २०२४

दादा,

पोचपावतीवर तुझी सही आली. उत्तर नाही.

रविवारी कुरवंड्याला गेले होते. मी शिक्षिका आहे, कॉलेजकडून अपघातांची माहिती गोळा करते, असं बजरंगला सांगितलं. आपल्या युनिटचं नाव घेतलं नाही. बहीण कुणाची ते सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

घरासमोर त्याच्या बायकोची भज्यांची गाडी आहे. तो मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कांदे चिरत होता. खुबा सांधलाय, डावं मनगट वाकडंच जुळलंय. उठून उभं राहायचा प्रयत्न केला, मी नको म्हटलं तरी. गाडीवर गर्दी होती. त्यातली दोन पोरं त्याला ओळखत होती. “काय बजरंगभाऊ, कधी नेताय वर?” म्हणाली. तो हसला. ते हसणं बघायला तू हवा होतास.

मला म्हणाला, “ताई, म्या दोर तपासला. गाठ तपासली. खिळा ठोकला त्यो खडक बी ठोकून बगितला. आता शिलाई कशी तपासायची? ती करनाऱ्यानं तपासून दिलेली असती ना?”

मी वहीत काहीतरी खरडत बसले.

“त्या बाईचं नाव कळलं मला,” तो म्हणाला. “भाज्याची हाय म्हनं. माझा भाऊ म्हनत व्हता, जाऊन इचारू तिला. म्या नको म्हनलं. बाईमानूस हाय. पन ताई, काय वाटलं आसंल तिला त्यो सेन्सर बंद करताना? कुनाच्या तरी कमरंला बांधायचंय, एवढं तर कळत आसंलच की.”

मी तिथे बोलायला हवं होतं. चहा प्यायले आणि निघाले.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तो स्विच ‘बसवला गेला’. आपोआप बसला नाही तो. मी बसवला. तू कारखान्यात माझ्या मागे उभा राहून म्हणालास, “दिवसाला चाळीस वेळा थांबतंय, आसू. कचऱ्यामुळेच थांबतं ना? मग तात्पुरता एक बायपास दे.” मी दहा मिनिटांत दोन वायरी जोडल्या. दिवा लागेल पण मशीन थांबणार नाही, अशी सोय केली. तारेवर धाग्याचा भुसा बसू नये म्हणून एक साधं झाकण करायला हवं होतं. त्याला दोन दिवस लागले असते. तेवढा वेळ मी तुझ्याकडे मागितला नाही.

आणि चौकशी अहवालावर ‘तांत्रिक सदस्य’ म्हणून खाली जी सही आहे, ती माझी आहे. सही करताना मी तो वाचला होता.

आसावरी


१९ जून २०२४

दादा,

आज भाज्याला गेले. सात महिने टाळलं. कॉलेजच्या परीक्षा, आईचे गुडघे, पाऊस, कारणं पुष्कळ होती.

सरूबाई घरी नव्हत्या. मळवलीच्या बाजूला एका बंगल्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची भांडी घासतात आणि मधल्या वारी साफसफाई. स्नेहल मला तिकडे घेऊन गेली. नऊ वर्षं ज्यांच्या हातचा टाका बघायला तू गिऱ्हाइकांना मशीनपाशी आणायचास, त्या बाई मोरीत परातीला राख लावत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“गावात कुनी झंपर शिवायला बी देत न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हनत्यात, हिच्या हातचं उसवतंय.”

मी म्हटलं, “सरूबाई, मला माफ करा.”

“कशापायी?” त्यांनी वर पाहिलं. “येकाच गोस्टीपायी का समद्यापायी? दोनदा सांगितलं व्हतं तुमास्नी, ताई. इसरला का?”

विसरले नव्हते, दादा. तुलाही सांगितलं नव्हतं आणि या दोन पत्रांतही लिहिलं नाही.

३१ ऑक्टोबरची दुपार. मी कारखान्यातल्या माझ्या टेबलावर नव्या सेन्सरच्या वायरींना डाख देत होते. सरूबाई येऊन उभ्या राहिल्या. “ताई, दिवा लाल झालाय आन् जायनाच. धागा हाताला बी ढिला लागतोय.” मी मान वर न करता म्हटलं, “भुसा अडकला असेल तारेत. तो दिवा तसाच लागतो. चालू द्या, संध्याकाळी बघते.” अर्ध्या तासाने त्या परत आल्या. “भुसा न्हाई ताई, म्या तार फुकून बगितली. टाका बसंना.” तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “सरूबाई, सेन्सर तुम्ही बनवलाय की मी?”

त्या गेल्या. मग त्यांनी काय केलं ते मला आज कळलं.

“म्या मशीन बंद क्येलं पाच वाजून गेल्यावर,” त्या म्हणाल्या. “मनालाच पटंना. दिवा लागल्यापासनं जेवढं शिवलं व्हतं तेवढं मोजलं. येकोनीस. पुढच्या टेबलावर अस्तर लागून आलं व्हतं, आतलं काय दिसत नव्हतं. गोनीत भरलं आन् खडूनं फुली मारून कोपऱ्यात ठिवलं. सकाळी दुसऱ्या बाईनं सांगितलं, सायबांनी गोनी उघडून समदं पॅकिंगला दिलं. म्या सायबांकडं ग्येले. म्हनले, सरूबाई, तुमी शिवायचं काम करा.”

“हे चौकशीत का नाही सांगितलंत?”

“कुनी इचारलं?” त्या म्हणाल्या. “सही कर म्हनले, क्येली. तुमी समोरच बसला व्हता.”

स्नेहल दारात उभी होती. तिने एकदाच तोंड उघडलं. “ताई, पाऊस यायच्या आदी जावा आता. उशीर व्हईल.”

दादा, तू ती गोणी उघडलीस. फुली मारलेली गोणी.

आसावरी


२२ जून २०२४

दादा,

थोडक्यात लिहिते, कारण हे लांबवलं तर मी पुन्हा मागे फिरेन.

सेन्सरच्या डबीत एक मेमरी कार्ड होतं. दिवा किती वेळा लागतो, कधी लागतो, स्विच दाबलेला असतो की नसतो, सगळं त्यात जमा व्हायचं. चौकशीत तू विचारलंस, “याची नोंद राहते का?” मी ‘नाही’ म्हणाले. तुझा चेहरा उजळला, आणि मला बरं वाटलं. कार्ड तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. बजरंग पडल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते काढून घेतलं होतं. मग सात महिने ते माझ्या कपाटात, बी.एस्सी.च्या प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये पडून होतं.

भाज्याहून आल्यावर पहिल्यांदा ते नीट उघडून बघितलं. ३१ ऑक्टोबर, दुपारी तीन बेचाळीस ते पाच दहा. एक तास अठ्ठावीस मिनिटं धागा सैल, स्विच दाबलेला, मशीन चालू. पाच दहाला मशीन थांबलं, ते सरूबाईंनी थांबवलं.

एकोणीस पट्टे. त्यातला एक बजरंगच्या कमरेला होता. बाकीचे अठरा कुठे आहेत? आत्ता, मी हे लिहिताना, कुणाच्या कमरेला आहेत? तू झोपतोस कसा, हे विचारायला मी बसले होते. मग मी स्वतः सात महिने कशी झोपले, ते आठवलं. मला नोकरीची भीती वाटली, आईची वाटली, आणि ‘तळेगावातली आपली माणसं’ म्हणतात त्यांची वाटली. त्या अठरा माणसांची वाटली नाही.

माल कुठे गेला त्याची वही तू नेलीस. ती पाठव, किंवा नुसते फोटो पाठव. उद्याच्या उद्या. मी सोमवारी कार्ड घेऊन पोलिसांकडे जाते आहे.

आसावरी


१८ ऑगस्ट २०२४

दादा,

वही आली नाहीच. मला वाटलं होतं निदान तेवढं करशील. पोलिसांनी ट्रान्सपोर्टवाल्याकडून कागद काढले. म्हणून सव्वा महिना लागला, नाहीतर दोन दिवसांचं काम होतं.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तिथल्या बाई अधिकाऱ्याने एकच प्रश्न दोनदा विचारला. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. इतके महिने कुठे होता?” मी दोन्ही वेळा खरं सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने लिहून घेतलं.

लेबलवरच्या नंबरांवरून अठरापैकी सतरा सापडले. सात लोणावळ्याच्या कॅम्पवाल्यांकडे, चार एका शाळेच्या साहस-शिबिराच्या पेटीत, सहा भोरच्या बाजूला. शाळेचे चार आणायला मी पोलिसांबरोबर गेले होते. क्रीडाशिक्षकांनी पेटी उघडून दिली. एक मुलगी शेजारी उभी होती, तिने पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितलं, “हा माझा. मी याच्यावर तीनदा उतरले.” मी अस्तर कापलं आणि आतल्या धाग्याला नुसत्या अंगठ्याने ओढ दिली. टाके एकामागून एक सुटत गेले. काही जोर लावावा लागला नाही. शिक्षकांनी बाकीचे तीन स्वतःच पेटीतून बाहेर काढले. मुलीला वाटलं, मी तिचा पट्टा खराब केला.

अठरावा मिळालेला नाही. लोणावळ्यातल्या एकाने जुनं सामान विकलं, त्यात तो गेला. कुणाला, ते त्याला आठवत नाही. पेपरात छोटी बातमी दिली. पोलीस म्हणतात, शोधतोय. शनिवार-रविवारी फोन वाजला की मी आधी नंबर कुठला ते बघते. हा अठरावा तुझ्याही वाट्याला येऊ दे.

मी बजरंगकडे गेले आणि मी कोण ते सांगितलं. तो बराच वेळ कांदेच चिरत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, “अगं, ह्यांचा चा नको टाकूस.”

आईला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, “तुला कुणी विचारायला आलं होतं का?” मी नाही म्हटलं. “मग?” तिला खरंच कळत नव्हतं. म्हणाली, “सरूबाईला काय, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. यशोधनचं नाव आहे, त्याला मुलं आहेत.” मी म्हटलं, सरूबाईंनाही मुलगा आहे, सून आहे. आई म्हणाली, “तू वाद घालू नकोस.” तेव्हापासून ती माझ्या हातचं ताट घेते, पण माझ्याशी बोलत नाही. कामवाल्या बाईशी बोलते, शेजाऱ्यांशी बोलते, देवाशी मोठ्याने बोलते. मी आले की थांबते.

आसावरी


वडगाव मावळ
२७ जानेवारी २०२५

दादा,

हे कोर्टाच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

आज सरूबाईंना मोकळं केलं. त्यांचं नाव खटल्यातून निघालं. त्या जागी दोन नावं आली, तुझं आणि माझं. तुझ्या वकिलाने तुला सांगितलं असेलच. माझ्या कॉलेजने मला गेल्या महिन्यात निलंबित केलं. मी हरकत घेतली नाही.

सरूबाई पायऱ्या उतरत होत्या. स्नेहलने हात धरला होता. मी पुढे झाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, “सरूबाई, एक ओळखीचं शिवणाचं युनिट आहे चाकणला. मी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. तुम्ही गेलात तर...”

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“पण आता सगळ्यांना कळलंय की तुमची चूक नव्हती.”

“कुनाला कळलंय? कोर्टाला कळलंय.” आवाज चढवला नाही त्यांनी. “गावात कागूद वाचत न्हाईत, ताई. आन् मला मशीनीसमोर बसवंना. पायानं पट्टी दाबली की त्या मानसाचं हाड मोडल्यागत वाटतंय. माझ्या हातानंच शिवलं व्हतं ना त्ये? तुमी सांगितलं म्हनून शिवलं, पन शिवलं मीच. त्ये काय कोर्ट काढनार हाय व्हय?”

मी पिशवीत हात घातला.

“तुमी खरं बोलला, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पयल्या दिशी बोलला आसता तर तुमास्नी जेवाय बोलावलं आसतं. आता माझ्या दारात येऊ नका. स्नेहलला बी भेटू नका.”

स्नेहलने मान खाली घातली. दोघी मागे न बघता स्टँडकडे गेल्या. माझ्याकडे त्यांच्यासाठी घेतलेली पेढ्यांची पुडी होती. ती इथे दुकानवाल्याला दिली. त्याने विचारलं, “निकाल लागला का?” मी हो म्हटलं.

आसावरी


तळेगाव दाभाडे
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

आई तुझ्याकडे यायला निघाली आहे. तिनेच ठरवलं. मामाच्या अमृतला बोलावून घेतलं, तिकीट काढायला लावलं आणि आज सकाळी बॅग दारात आणून ठेवली. मी आडवी आले नाही. आठवडाभर ती मामाकडे राहील; गाडी पुढच्या गुरुवारी, १३ तारखेला सकाळी बंगळुरूला पोचेल. अमृत तिला तुझ्या स्वाधीन करून संध्याकाळच्या गाडीने परतणार आहे.

तिची रक्तदाबाची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. अर्धी गोळी नाही, अख्खी. अर्धी केली की पैसे वाचतात असं तिला वाटतं, तेव्हा लक्ष ठेव. डावा गुडघा जास्त दुखतो, वरच्या मजल्यावरची खोली देऊ नकोस. दुपारी चहात साखर मागेल, द्यायची नाही. चष्म्याचा नवा नंबर डब्यातल्या चिठ्ठीवर आहे.

आपली तारीख १७ मार्चला आहे. मी त्या दिवशी तिथे असेन, पहिल्या बाकावर. तू दुसरीकडे बस. कार्डावर काय आहे ते मी कोर्टाला सांगणार आहे. गोणीवर फुली होती, हेही सांगणार आहे. माझ्याबद्दल विचारतील तेही सगळं सांगेन.

मघाशी रिक्षा आली. आईने पायरी उतरायला माझा हात घेतला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. आत बसल्यावर पदर नीट केला आणि मला विचारलं, “त्या बाईने सांगितलं तेव्हाच तू मशीन बंद करा म्हणाली असतीस, तर तो वाचला असता ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग यशोधनला एवढं सगळं बघावं लागलं नसतं,” ती म्हणाली.

‘तो’ म्हणताना ती तुझ्याबद्दल बोलत होती, दादा. बजरंगचं नाव तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

गुरुवारी स्टेशनवर वेळेवर जा. तिला फार वेळ उभं राहवत नाही.

आसावरी